प्राणवायू हेही औषधच!

रात्रीचे दोन वाजलेले असतात. पुरुष वॉर्डातील बहुतेक दिवे मालवलेले असतात. खिडकीजवळच्या खाटेवर सत्तरीतील एक आजोबा उशांना टेकून बसलेले असतात, कारण आडवे पडले की धाप वाढते. नाकात प्राणवायूची नळी, बोटाला चिमटा आणि चिमट्याच्या पडद्यावर ९० हा आकडा. उशाशी बसलेला मुलगा तो आकडा पाहून अस्वस्थ होतो आणि टेबलाशी जाऊन म्हणतो, ''सिस्टर, बाबांचा ऑक्सिजन नव्वदच दाखवतोय. जरा वाढवा ना.'' सिस्टर येतात, केसपेपर पाहतात, आजोबांच्या छातीकडे मिनिटभर पाहत राहतात आणि प्रवाह आहे तेवढाच ठेवून निघून जातात. सिस्टरांनी टाळाटाळ केली, असे मुलाला वाटते. एखादा मुलगा मग स्वतःच भिंतीवरचा नॉब फिरवतो. आकडा ९८ वर जातो आणि तो निश्चिंत होतो. आजोबांनाही गाढ झोप लागते. धोका दडलेला असतो तो नेमका या झोपेत.

कोणत्याही रुग्णालयात घडू शकणारा हा प्रसंग. प्राणवायू जितका जास्त तितका चांगला, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. करोनाच्या साथीने ती अधिकच घट्ट केली. वस्तुतः प्राणवायू हे औषध आहे. त्याला मात्रा आहे, देण्याची पद्धत आहे, दुष्परिणाम आहेत आणि ते कमी पडले तर जसा जीव जातो, तसा काही रुग्णांत जास्त झाले तरी जाऊ शकतो. ही मात्रा लिहून देतात डॉक्टर. पण रात्रभर ती सांभाळतात परिचारिका. त्यामुळे श्वास कसा पाहावा, प्राणवायू कसा द्यावा आणि औषध देताना चूक कशी टाळावी, हे परिचर्येतील तीन प्राथमिक धडे प्रत्यक्षात एकच धडा ठरतात.

आधी श्वास, मग आकडा

आधुनिक परिचर्येची पायाभरणी करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिचर्येवरील पुस्तकात रुग्णाला थंडी न बाजू देता बाहेरच्याइतकीच शुद्ध हवा मिळवून देणे, याला पहिला मान दिला होता. तेव्हा ना बोटाचा चिमटा होता, ना भिंतीतून येणारा प्राणवायू. होते ते केवळ निरीक्षण. आणि आजही सुरुवात तेथूनच होते.

विश्रांत अवस्थेतील निरोगी प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. त्यातील साधारण दीडशे मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते. रक्ताशी देवाणघेवाण होते ती उरलेल्या हवेची. म्हणूनच भराभर पण उथळ श्वास घेणाऱ्या रुग्णाची छाती सतत हलत असली, तरी फुप्फुसांच्या तळाशी पुरेशी हवा पोहोचत नाही.

श्वास मोजण्याचा नियम साधा आहे. पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि रुग्णाला ते कळू द्यायचे नाही. कारण आपला श्वास मोजला जात आहे हे कळताच माणसाची श्वासाची लय बदलते. अनुभवी सिस्टर नाडी पाहण्याच्या निमित्ताने मनगट धरून ठेवतात आणि नजर छातीवर ठेवतात. याच वेळी इतर खुणाही दिसतात. नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ताणले जातात का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, रुग्ण एका दमात वाक्य पूर्ण करू शकतो का, तो गोंधळल्यासारखा बोलतो का? ओठ निळसर पडणे ही खूण उशिराची. तोवर वाट पाहणे परवडत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर श्वासांची संख्या हीच न्यूमोनियाची मोठी खूण मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे वयात ४० किंवा अधिक श्वास असतील, तर तो जलद श्वास होय. गावपातळीवर काम करणाऱ्या आशा स्वयंसेविकाही हे आकडे शिकतात. त्यासाठी लागते फक्त एक घड्याळ.

श्वासाचा वेग हा बिघाडाचा सर्वांत आधी मिळणाऱ्या इशाऱ्यांपैकी एक असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या धोकासूचक गुणपद्धतीत मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास असतील, तर त्या एका नोंदीलाच सर्वाधिक म्हणजे तीन गुण दिले जातात. रुग्णाला बाहेरून प्राणवायू चालू आहे, एवढ्यासाठीही दोन गुण धरले जातात. त्यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. प्राणवायूच्या आधारावर ९५ दाखवणारा रुग्ण हा आधाराविना ९५ दाखवणाऱ्या रुग्णाइतका बरा नसतो.

बोटावरचा चिमटा काय सांगतो?

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आज घरोघरी पोहोचला आहे. त्यामागचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शोधले. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन आणि रिकामे हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. त्या फरकावरून शंभरातील किती हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे, याचा अंदाज यंत्र सांगते.

हा अंदाज आहे, ही गोष्ट विसरून चालत नाही. हात थंडगार असेल, रक्तदाब घसरला असेल, नखांना गडद रंग किंवा बोटांना मेंदी असेल, रुग्ण थरथरत असेल, तर आकडा चुकू शकतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या व्यक्तीच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनलेला असतानाही साधे यंत्र तो फरक ओळखत नाही आणि आकडा चांगला दाखवते. सावळ्या त्वचेत यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही अमेरिकेतील २०२० च्या अभ्यासातून प्रकर्षाने पुढे आले.

आणखी एक मर्यादा रक्तक्षयाची. ज्या बाईचे हिमोग्लोबिन पाच आहे, तिचे सगळे हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले असले, तर यंत्र ९९ दाखवेल. गाड्या भरलेल्या आहेत, पण मुळात गाड्याच निम्म्याहून कमी आहेत, अशी ही स्थिती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा चिमटा कार्बन डायऑक्साइडविषयी काहीही सांगत नाही. प्रारंभीच्या प्रसंगातील आजोबांचा धोका नेमका तेथेच आहे.

जास्त झाले तर काय होते?

औषधी प्राणवायूचे भारतात औषध म्हणूनच नियमन होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० त्याला लागू आहे. इंडियन फार्माकोपियात त्याच्या शुद्धतेचे मानक आहे आणि राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण त्याच्या किमतीवर मर्यादा घालू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याचे नाव आहे. तरीही वॉर्डात मात्र त्याला औषधाचा मान क्वचितच मिळतो. प्रतिजैविकाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिली जाते. प्राणवायूपुढे अनेकदा नुसते 'ऑक्सिजन चालू' एवढेच लिहिलेले असते.

याची किंमत वैद्यकशास्त्राने पूर्वी मोजली आहे. १९४० आणि १९५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना काचपेटीत मुक्तहस्ते प्राणवायू दिला जात असे. बाळे जगली, पण हजारोंची दृष्टी गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी या अंधत्वाचा संबंध जादा प्राणवायूशी असावा, असे दाखवून दिले आणि त्यानंतर अमेरिकेतील मोठ्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. प्राणवायू सरसकट आखडता घेतला गेला आणि दृष्टी वाचली तरी बाळे दगावू लागली. कमी आणि जास्त यांच्यामधली वाट किती अरुंद असते, हे या इतिहासाने शिकवले. आज अशा बाळांत साधारण ९० ते ९५ टक्के हे लक्ष्य ठेवले जाते. भारतात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत करून घ्यावी, असे सांगितले जाते, ते याच कारणासाठी.

प्रौढांमध्ये सर्वाधिक जोखीम आहे ती सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात. विडी-सिगारेट ओढणारे पुरुष आणि चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रिया, असे दोन्ही रुग्ण ग्रामीण वॉर्डात शेजारी शेजारी दिसतात. अशा रुग्णाचे शरीर फुप्फुसाच्या निकामी भागातील रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्त चांगल्या भागाकडे वळवते. प्राणवायूचा मारा झाला की या वाहिन्या सैलावतात आणि रक्त पुन्हा निकामी भागाकडे जाते. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहते. श्वास घेण्याची प्रेरणाही काहीशी मंदावते. परिणामी रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. डोके दुखते, हात फडफडल्यासारखे थरथरतात, गुंगी येते आणि ती वाढत जाऊन रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. हे सारे घडत असताना बोटावरचा आकडा ९८ असतो!

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे झालेल्या आणि २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने या धोक्याचे मोजमाप दिले. धाप लागलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना रुग्णवाहिकेत सरसकट जास्त प्रवाहाने, तर काहींना ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य ठेवून मोजून प्राणवायू देण्यात आला. पहिल्या गटात सुमारे नऊ टक्के, तर दुसऱ्या गटात चार टक्के रुग्ण दगावले. पुढे २०१८ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात २५ चाचण्यांतील सोळा हजारांहून अधिक तीव्र आजारी प्रौढांची माहिती एकत्रित मांडली गेली. तिच्यातही सढळ प्राणवायू मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. स्वीडनमध्ये ६,६२९ हृदयविकाराच्या संशयित रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यांचा आकडा ९० किंवा अधिक होता, त्यांना जादा प्राणवायू देऊन काहीही लाभ झाला नाही, असे २०१७ मध्ये स्पष्ट झाले.

याचा अर्थ प्राणवायू देण्यास कचरावे असा मुळीच नाही. हृदयक्रिया थांबणे, गंभीर अपघात, धुराने गुदमरणे अशा प्रसंगी आधी भरपूर प्राणवायू आणि स्थिरावल्यावर मोजमाप, हाच क्रम असतो. एरवी बहुतेक प्रौढांसाठी ९४ ते ९८ आणि कार्बन डायऑक्साइड साचण्याची जोखीम असलेल्यांसाठी ८८ ते ९२ ही लक्ष्ये ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने घालून दिली आहेत. आजोबांच्या चिमट्यावरचे ९० म्हणूनच अपयश नव्हते. ते लक्ष्य होते.

पाच 'योग्य' गोष्टींची कसोटी

औषध देताना पाच गोष्टी तपासाव्यात, हा परिचर्येच्या अभ्यासक्रमातील पाठ प्रत्येक विद्यार्थिनीला तोंडपाठ असतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. त्यात पुढे योग्य नोंद, योग्य कारण, परिणामाचे निरीक्षण आणि औषध नाकारण्याचा रुग्णाचा हक्क यांचीही भर पडली. हीच कसोटी प्राणवायूला लावली की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

योग्य रुग्ण म्हणजे खाट क्रमांक नव्हे. रात्रीतून खाटा बदलतात आणि एकाच वॉर्डात एकाच आडनावाचे दोघे असतात. म्हणून नाव आणि नोंदणी क्रमांक अशा किमान दोन खुणा पडताळायच्या असतात. ''तुम्हीच पाटील ना?'' असे विचारले की कानाला कमी ऐकू येणारे आजोबा मान डोलावतात. ''आजोबा, तुमचं पूर्ण नाव काय?'' असे विचारले की चूक टळते. योग्य औषध म्हणजे प्राणवायूच्या बाबतीत योग्य नळ आणि योग्य सिलिंडर. भारतात औषधी प्राणवायूच्या सिलिंडरचे अंग काळे आणि खांदा पांढरा असतो. लेबल वाचल्याविना तो जोडायचा नसतो.

योग्य मात्रा म्हणजे प्रवाह आणि लक्ष्य या दोन्ही गोष्टी. 'प्राणवायू दोन लिटर, लक्ष्य ८८ ते ९२' असे केसपेपरवर लिहिलेले असले, तर रात्रपाळीच्या सिस्टरांना नातेवाइकांना उत्तर देता येते आणि बदल कधी कळवायचा हेही ठरते. योग्य वेळ म्हणजे सुरू करण्याइतकीच कमी करण्याची आणि थांबवण्याची वेळ. मात्र जादा प्राणवायूने गुंगी आलेल्या रुग्णाचा पुरवठा एकदम तोडणे घातक असते. डॉक्टरांना तातडीने बोलावून तो टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो.

नळी की मास्क?

प्राणवायूचा मार्ग म्हणजे त्याचे साधन. साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. नाकातील नळीतून मिनिटाला एक लिटर दिला, तर हे प्रमाण ढोबळमानाने २४ टक्के होते आणि पुढील प्रत्येक लिटरला सुमारे चार टक्क्यांनी वाढते. नळीतून सहा लिटरपेक्षा अधिक सोडण्यात अर्थ नसतो. नाक कोरडे पडून रक्त मात्र येते.

साध्या मास्कला किमान पाच लिटरचा प्रवाह लागतो. त्याहून कमी ठेवला, तर रुग्ण स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतो. म्हणजे 'जरा कमी करू या' या भावनेने साध्या मास्कवर दोन लिटर ठेवणे ही चूक ठरते. तेथे नळीच हवी. पिशवी जोडलेल्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात. रुग्णाच्या तोंडावर बसवण्याआधी पिशवी पूर्ण फुगवून घ्यावी लागते आणि श्वास घेताना ती चपटी होता कामा नये.

मोजून देण्यासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे व्हेंच्युरी मास्क. त्याच्या रंगीत तोट्या ठरावीक प्रमाणात बाहेरची हवा मिसळतात. निळ्या तोटीतून २४ टक्के, पांढरीतून २८, पिवळीतून ३५, लालमधून ४० आणि हिरवीतून ६० टक्के प्राणवायू मिळतो. किती लिटर सोडायचे, तेही बहुधा तोटीवरच लिहिलेले असते. सीओपीडीच्या रुग्णासाठी बहुधा निळी किंवा पांढरी तोटी निवडली जाते. वाफेचे औषध देतानाही सावध राहावे लागते. प्राणवायूच्या नळावर नेब्युलायझर चालवायचे, तर सहा ते आठ लिटरचा प्रवाह लागतो. सीओपीडीच्या रुग्णाला म्हणूनच शक्यतो हवेवर चालणाऱ्या यंत्राने वाफ दिली जाते.

साधनाइतकीच महत्त्वाची असते रुग्णाची बैठक. पाठीशी उशा देऊन ताठ बसवणे, पुढे टेबलावर हात टेकवू देणे, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवणे, शस्त्रक्रियेनंतर तीन चेंडूंच्या यंत्राने दीर्घ श्वासाचा व्यायाम करवून घेणे, या गोष्टींना पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात. अनेकदा त्यांनीच आकडा दोन-तीन अंशांनी सुधारतो. कानामागे नळीने पडणारे वळ पाहणे, तोंड पुसणे, आर्द्रतेच्या बाटलीत नळाचे पाणी न भरता निर्जंतुक पाणी भरणे, हाही याच सेवेचा भाग होय.

सिलिंडरचा हिशेब

पाइपलाइन नसलेल्या ठिकाणी परिचारिकेला गणितही करावे लागते. मोठ्या 'डी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर, तर लहान 'बी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर चालू असतील, तर भरलेला लहान सिलिंडर १५० मिनिटे म्हणजे अडीच तास टिकतो. दाबमापकाचा काटा निम्म्यावर असेल, तर सव्वा तास. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्ण हलवताना वाटेतील घाट आणि वाहतूक धरून दुप्पट वेळेची तरतूद ठेवावी, असा धडा म्हणूनच दिला जातो.

पुरवठा तुटला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन दाब घटला आणि किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच काळात नंदुरबार जिल्ह्याने 'ऑक्सिजन नर्स' ही कल्पना राबवली होती. ठरावीक रुग्णांमागे एक परिचारिका केवळ प्राणवायूवर लक्ष ठेवी. कोणाचा आकडा लक्ष्याच्या वर गेला आहे, कोण जेवायला उठला तरी मास्क खाटेवर तसाच वाहतो आहे, कोणाला आता नळी पुरेल, हे पाहून ती प्रवाह बदलत असे. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ही पद्धत राज्यभर नेण्याचे सूतोवाच केले. टंचाईने सुचलेला हा उपाय खरे तर टंचाई नसतानाही चांगल्या परिचर्येची व्याख्या ठरावा, असा आहे.

सुई आणि श्वास

औषधांचा आणि श्वासाचा संबंध दुसऱ्या बाजूनेही येतो. मॉर्फिनसारखी वेदनाशामके आणि झोपेची इंजेक्शने श्वास मंदावतात. त्यामुळे ती देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर श्वास मोजावे लागतात. प्रसूतिकक्षातील उदाहरण तर प्रत्येक सिस्टरच्या ओळखीचे आहे. गर्भारपणात झटके आलेल्या स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. त्याची पुढची मात्रा देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या असतात. श्वास मिनिटाला किमान १६ आहेत ना, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया होते ना, आणि गेल्या चार तासांत ताशी किमान ३० मिलिलिटर लघवी झाली ना? एक जरी उत्तर 'नाही' आले, तरी सुई थांबते आणि डॉक्टरांना कळवले जाते. कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा हाताशी ठेवलेला असतो.

काही औषधांत चुकीला क्षमा नसते. पोटॅशियम क्लोराइडची लहान कुपी दिसायला निर्जंतुक पाण्याच्या कुपीसारखीच दिसू शकते. परंतु ते औषध पातळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय थांबू शकते. म्हणून ते वॉर्डाच्या सर्वसाधारण ट्रॉलीत न ठेवता वेगळे, ठळक लेबल लावून ठेवावे आणि दोघींनी पडताळूनच वापरावे, असा संकेत आहे.

इन्सुलिनची गोष्ट तर घराघरातली. भारतात इन्सुलिनच्या कुप्या ४० आणि १०० अशा दोन्ही तीव्रतांत मिळतात. ४० साठी लाल टोपणाची, तर १०० साठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. १०० तीव्रतेचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट चूक झाली, तर २० ऐवजी आठच युनिट मिळतात. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला की नाही, हे पाहायला पाच सेकंद लागतात.

असे पाच-पाच सेकंद मिळावेत कसे, हा प्रश्न उरतोच. एका सिस्टरकडे मोठा वॉर्ड, वाजणारा दूरध्वनी, येणारा नवा रुग्ण आणि 'सिस्टर, सलाइन संपलं' ही हाक, यांत औषधांची ट्रॉली पुढे सरकत असते. लक्ष विचलित होणे हे औषधांच्या चुकांमागचे एक मोठे कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी टाळण्यासाठी जागतिक मोहीम हाती घेतली, तेव्हा तिनेही केवळ व्यक्तीच्या हलगर्जीपणावर बोट न ठेवता थकवा, अपुरे मनुष्यबळ आणि सदोष व्यवस्था यांकडे लक्ष वेधले. होता होता टळलेली चूक निर्भयपणे नोंदवता आली, तरच पुढची चूक टळते. चूक सांगणाऱ्या सिस्टरला शिक्षाच होणार असेल, तर चुका घडत राहतील, फक्त त्या कळणार नाहीत.

नातेवाइकांनी लक्षात ठेवावे असे

• प्राणवायूचा नॉब स्वतः फिरवू नये. शंका आली तर ''यांचं लक्ष्य किती ठरवलं आहे?'' असे सिस्टरांना विचारावे.

• आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. गुंगी, बडबड, वाढती धाप किंवा निळसर ओठ दिसताच आकडा चांगला असला तरी ताबडतोब कळवावे.

• घरी दीर्घकालीन प्राणवायू सांगितला असेल, तर डॉक्टरांनी ठरवलेला प्रवाह आणि तास पाळावेत. सीओपीडीच्या ज्या रुग्णांना त्याची खरी गरज असते, त्यांचे आयुष्य दिवसाला किमान १५ तास वापराने वाढते.

• प्राणवायूजवळ विडी, उदबत्ती, निरांजन, गॅसची शेगडी आणू नये. सिलिंडरच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लावू नये.

• औषधांच्या ट्रॉलीशी उभ्या असलेल्या सिस्टरांना तातडीचे काम नसेल तर हाक मारू नये.

• सिस्टरांनी पुन्हा पुन्हा नाव विचारले, तर रागावू नये. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, हे न विचारताही सांगावे.

खिडकीजवळच्या आजोबांपाशी सिस्टर पहाटे पुन्हा येतात. मनगट हातात घेतात, छातीकडे पाहतात, मिनिटभर गप्प राहतात आणि केसपेपरवर वेळ, श्वास, आकडा आणि प्रवाह लिहितात. त्या मिनिटात काहीच घडले नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच मिनिटात त्या रात्रीचे सर्वांत महत्त्वाचे औषध तपासून, मोजून दिले गेलेले असते.